परळमध्ये मांडलेला राजवाडा

परळच्या हिंदमाताला एका साडीच्या दुकानासमोर, संध्याकाळच्या गर्दीत, आमच्या इमारतीतले काका मला म्हणाले, "चपला काढ."

मी आधी फुटपाथकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. दुकानाच्या पायरीवरून विक्रेता ओरडत होता, "या ताई, आत या, नुसतं बघून जा!"

"इथे?" मी विचारलं.

"तिसऱ्या चौकात पायताण घालून कोण उभं राहत नाय गो. राजाचं कापड विणतात इथे. काढ, दोन मिनिटांचं काम."

स्वतःच्या चपला त्यांनी केव्हाच काढून बगलेत मारल्या होत्या. मीही काढल्या. मला नाही म्हणता येत नाही. शाळेत येत नव्हतं, ऑफिसात येत नाही, टॅक्सीवाल्यालाही येत नाही. याच दोषापायी आमच्या इमारतीत त्यांची गोष्ट ऐकणारी मी एकटी उरले होते.

मग साड्या नेसवलेल्या पुतळ्यांकडे हात करून त्यांनी मला नायजेरियातल्या एका गावच्या राजवाड्याचा तिसरा चौक सांगितला. तिथल्या राजाने बाहेरचं कापड अंगाला लावायचं नाही, असा नेम. वाड्यातले विणकर विणतील तेच नेसायचं. एका राजाला किनाऱ्यावरून आलेल्या मखमलीचा मोह पडला. विणकरांना कळलं तसे त्यांनी सगळे माग भिंतीकडे तोंड करून ठेवले आणि हात बांधून बसले. सणाचा दिवस आला. जुनं कापड विटलेलं, मखमल नेसायची चोरी. राजा बाहेर येईना, लोक ताटकळलेले. शेवटी राजाने मखमल जाळली आणि माग पुन्हा सरळ झाले.

"संप होता तो," ते म्हणाले. "आणि जिंकलेला."

'जिंकलेला' हा शब्द त्यांनी खाली ठेवून बघावा तसा उच्चारला. मग चपला पायात सरकवून ते चालायलाही लागले. मी मागून पळतेय, एका हातात एक चप्पल, दुसरी पायात.

आमच्या इमारतीत ते दुसऱ्या मजल्यावर राहायचे. आई आणि मी गिरगावातून तिथे राहायला आलो तेव्हा त्यांची सत्तरी उलटली होती. गिरणीत साचे म्हणजे माग चालवत मोठे झाले, मग कामगारांवरचे जॉबर झाले. गिरण्यांचा संप बुडाल्यावर दोन वर्षं घरी बसले आणि मग कुणाच्या तरी ओळखीने नायजेरियातल्या एका कापड गिरणीत मास्तर म्हणून गेले. तिथे नऊ वर्षं काढली. परत येताना लोक काय काय घेऊन येतात. यांनी आणला तो राजवाडा.

गिरणीला लागूनच राजाचं गाव होतं. रविवारी करायला काही नसायचं म्हणून ते वाड्यात जायचे. वाड्याचा इतिहास तोंडपाठ असलेला एक म्हातारा भाट तिथे होता. त्याचा मुलगा शहरातल्या बँकेत चिकटला होता आणि त्याला यात रस नव्हता. ऐकणारं कुणीच नाही म्हणून भाट परळच्या या मास्तराला वाडा सांगू लागला. दोघांचंही इंग्रजी मोडकं. "त्यामुळे एकमेकांचं बरोबर समजायचं," काका म्हणायचे. "तुझ्यासारखं इंग्रजी असतं तर घोटाळा झाला असता."

भाटाचा नियम एकच. ज्या चौकाची गोष्ट त्या चौकात उभं राहूनच सांगायची आणि तिथेच ऐकायची. "बसून सांगितलं की गोष्टी एकमेकींत मिसळतात," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा तरी ऐकलं असेल. चौक सात. परळला परत आल्यावर त्यांच्यापुढे पेच पडला, वाडा तिथे आणि आपण इथे. मग त्यांनी सातही चौक परळ-लालबागमध्ये मांडले.

पहिला चौक एका टॉवरच्या पायाच्या खड्ड्यापाशी, निळ्या पत्र्यांच्या फटीला डोळा लावून सांगायचा. कारण तो वाडा मातीचा. जिथून माती उपसली तिथे तळं झालं. "जेवढा वाडा तेवढा खड्डा. पहिल्या राजाने आधी खड्डा बघितला, मग म्हणाला, पुरे." चौथा, औषधांचा चौक, हॉस्पिटलच्या गेटसमोर. तिथे वॉचमन आम्हाला पेशंटचे नातेवाईक समजून रांगेत घ्यायचा. दुसरा एका पोळीभाजीच्या खानावळीबाहेर. राजाला जेवताना कुणी बघायचं नसतं म्हणून तिथे आम्ही जेवणाऱ्यांकडे पाठ करून उभे राहायचो आणि आतून कुणीतरी हमखास म्हणायचं, "पार्सल पाहिजे काय?"

घरात ते कधी बसलेले मी पाहिले नाहीत. जेवायचे खिडकीशी, ताटली हातात धरून. चहा बशीत ओतून गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पीत जायचे. भाजी एकदम आणायचे नाहीत. एक कांदा आणायचे, परत यायचे, मग मिरच्या आणायला निघायचे.

"निघाले राजे," काकी म्हणायच्या. "अहो, फिरतीवरून येताना कोथिंबीर आणा. तिसऱ्या चौकात मिळते का बघा."

"तिसऱ्यात कापड."

"मग मला लुगडं आणा."

मला त्या हळूच सांगायच्या, "लग्नात पाटावर बसले ते पण अर्धेच हो. भटजी म्हणाले, नवरदेव, जरा टेका. म्हणाले, टेकलोय की."

इमारतीतले लोक त्यांना टाळायचे. तळमजल्यावरच्या एकाने तर तोंडावर सांगितलं होतं, "काका, आज उपास आहे, आज राजवाडा नको." मला असं काही सुचत नाही. मी घरून इंग्रजी उपशीर्षकं तपासायचं काम करते. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं पाहायची, स्वतः एकही बोलायचं नाही, हे मला मानवतं. संध्याकाळी जिन्यात ते गाठायचे आणि म्हणायचे, "चल गो, पाय मोकळे करू." त्यांचे पाय मोकळे होताना मी कधी पाहिले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते जास्तच शिवशिवायचे.

अडचण एकच होती. परळ एका जागी थांबत नव्हतं. आज जिथे चौक मांडलाय तिथे उद्या पत्रे लागायचे, रस्ता खणला जायचा, दुकान जाऊन काचेचा दरवाजा यायचा. मग काका तो चौक उचलून दुसरीकडे ठेवायचे. नवी जागा शोधताना ते चार-चार दिवस अस्वस्थ असायचे, रस्त्यात मध्येच थांबून मान वाकडी करून बघायचे. "हवा खेळायला पाहिजे," म्हणायचे, किंवा "इथे आवाज घुमत नाय."

पाचवा चौक माझ्या देखत हलला. तो राजाच्या आईचा चौक. मी पहिल्यांदा ऐकला तो एका बंद गिरणीच्या भिंतीपाशी. शत्रूने वाडा वेढला, राजा पडला, तेव्हा त्याच्या आईने तान्ह्या नातवाला पाठीशी बांधलं आणि एका बुटक्या दारातून वाकून बाहेर पडली. ते मूल पुढे राजा झालं. तेव्हापासून गादीवर बसणाऱ्या प्रत्येकाला आधी त्या दारातून वाकून यावं लागतं. सांगता सांगता काकांनी दाराच्या दिशेने जोरात हात फेकला, तो एका मासेवालीच्या टोपलीला लागला. "ओ आजोबा, डोळे घरी ठेवून आलात?" ती म्हणाली. त्यानंतर काही महिन्यांत ती भिंत पडली आणि काकांनी राजाच्या आईला लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत आणून ठेवलं.

पत्र आलं ते मार्चमध्ये. खरंखुरं, तिकीट लावलेलं, निळ्या शाईतलं. वाड्यातल्या पाहुण्यांच्या वहीत काकांनी कधीकाळी आपला परळचा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला होता, तोच पाकिटावर उतरवलेला. काकींनी ते मला आणून दिलं. "वाच बाई. इंग्रजी मीडियमचा काहीतरी उपयोग होऊ दे."

पत्र भाटाच्या नातवाचं होतं. तो तिथे शाळेत शिकवत होता. त्याने लिहिलं होतं, आजोबा वारले. मला अर्धंच शिकवून गेले. पाचवा चौक पावसात कोसळला, नुसता ढिगारा उरला आहे. जुना राजाही गेला. नवा राजा पावसाआधी गादीवर बसेल, त्याआधी ते दार उभं राहिलं पाहिजे. ते कुठे होतं यावर गावात भांडणं चालू आहेत. सगळे चौक आजोबांबरोबर चाललेला आता एकच माणूस जिवंत आहे, तो तुमच्या पत्त्यावर राहतो का? खाली फोन नंबर होता.

मी वाचून दाखवत होते तेव्हा काका गॅलरीत येरझारा घालत होते. वाचून संपलं तसे थांबले. "म्हातारा गेला," म्हणाले. आणि मग लगेच, "फोन लाव. पण इथून नाय. खड्ड्यापाशी जाऊन."

दुपारी चारला आम्ही निघालो. काका पुढे, मी फोन त्यांच्यासमोर धरून जवळजवळ उलटी चालत. पडद्यावर तो नातू, मागे लाल माती आणि पत्र्याचं छप्पर. आम्ही इथे चालत होतो आणि तो तिथे, खऱ्या वाड्यात. काका सांगायचे, मी इंग्रजीत सांगायचे, गाड्यांच्या आवाजात ओरडून. मी रस्त्यावर कधी मोठ्याने बोलले नव्हते. खानावळीतले लोक बाहेर येऊन बघत होते. "शूटिंग आहे का?" एकाने विचारलं. माझे कान गरम झाले होते, पण पडद्यावर तो नातू प्रत्येक वाक्यावर मान हलवत होता. चौथ्या चौकात तर म्हणाला, "आजोबांचेच शब्द आहेत हे." मी ते काकांना सांगितलं. त्यांनी नुसता वेग वाढवला. हॉस्पिटलपासून लालबागपर्यंत मला अक्षरशः धावावं लागलं.

मसाल्याच्या गल्लीत मोसमाची गर्दी होती. भाजलेल्या मिरच्यांच्या पिशव्या घेऊन बायका रांगेत उभ्या, कुटायच्या यंत्रांची धाड धाड, हवेत तिखट. सगळेच खोकत होते. पडद्यावर आता मातीचा ढिगारा दिसत होता आणि दोन सुतार. त्यांच्या मध्ये एक बुटकी, कोरीव चौकट उभी होती. नातवाने विचारलं, "चौथ्या चौकातून आत आलं की दार कुठल्या हाताला?"

मी ते मराठीत सांगितलं. काकांनी पाठ दुकानाकडे केली, श्वास घेतला आणि डावा हात सरळ केला. डावीकडे गल्ली देवळाकडे जात होती.

"इथून," ते म्हणाले. "इथून वाकून गेली ती."

मला भाषांतर करायची गरजच नव्हती. नातवाने हात पाहिला आणि सुतारांना काहीतरी म्हणाला. त्यांनी चौकट उचलली.

मला मासेवाली आठवली. टोपली काकांच्या उजव्या हाताला होती.

मी गप्प राहू शकले असते. माझी तीच सवय. पण सुतार चौकट घेऊन निघाले होते.

"काका," मी म्हणाले, "गिरणीच्या भिंतीपाशी तुम्ही उजवीकडे दाखवलं होतं."

"मग? तिथे डावीकडे भिंत होती. राजाची आई काय भिंतीतून जाणार?"

बोलून झाल्यावर त्यांचा हात तसाच राहिला, हवेत. त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग गल्लीकडे. मग मला म्हणाले, "थांबव त्याला."

मी ओरडून थांबवलं. काकांनी डोळे मिटले आणि जागच्या जागी फिरले, एकदा असे, एकदा तसे, दोन्ही हात पुढे करून, दिवे गेल्यावर घरात चाचपडतात तसे. रांगेतली एक बाई म्हणाली, "अगं, आजोबांना चक्कर येतेय, धर त्यांना." कुणीतरी पाणी आणलं. दुकानदाराने मिरच्यांचं एक पोतं पुढे सरकवलं आणि काका त्यावर बसले.

"सांग त्याला," ते म्हणाले.

"काय सांगू?"

"माहीत नाय म्हणून."

"काका, जरा थांबून बघू या. उद्या परत..."

"सांग गो. सुतार खोळंबलेत."

मी सांगितलं. यंत्रांच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. म्हणून मला तेच वाक्य दुसऱ्यांदा, आणखी मोठ्याने, सगळ्या गल्लीत ओरडून सांगावं लागलं, की यांना माहीत नाही. नातू सुतारांशी काहीतरी बोलला. सुतारांनी चौकट खाली ठेवली. मग त्याने विचारलं, "सहावा आणि सातवा?"

काकांनी मान हलवली. "म्हणावं, आधी मला बघू दे त्यात परळ किती शिरलंय."

त्यानंतरचे काही आठवडे वाईट गेले. ते आता कांदा आणायला जायचे आणि कांदा विसरून यायचे. सकाळी सात वाजता आमची बेल वाजवायचे. आई दार उघडायची तर हे उंबऱ्याबाहेरूनच मला विचारणार, "खड्डा आधी की वाडा आधी?" मी काय सांगणार? मला जे माहीत होतं ते त्यांनीच सांगितलेलं होतं. आई म्हणाली, "तू कशाला बोललीस तेव्हा?" काकी तसं कधी म्हणाल्या नाहीत, पण एकदा चहा देताना माझ्याकडे बघत नव्हत्या.

एका संध्याकाळी ते म्हणाले, "तिसऱ्या चौकातला तो संप. त्याला विचार. माग फिरवले ते खरं का मी घातलं?"

मी नातवाला लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मी ते मोबाईलवर तीनदा वाचलं आणि मग दुसऱ्या मजल्यावर गेले. काका खिडकीशी उभे होते.

"माग फिरवले ते खरं आहे," मी म्हणाले.

"बघ. आणि?"

"राजाने बापाचं जुनं कापड नेसून सण साजरा केला. विणकरांना गाव सोडून जावं लागलं. तो म्हणतो, ते परत आले नाहीत. तो चौक तेव्हापासून रिकामाच आहे."

काकी कणीक मळत होत्या, त्यांचा हात थांबला. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी तिथे नसते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

"हां," काका म्हणाले. "तसंच असणार ते."

त्यांनी माठातून पाणी घेतलं, उभ्यानेच प्यायले आणि पेला जागेवर ठेवला. "म्हाताऱ्याने सांगितलंच असेल की. मीच ऐकलं नसेल."

गादीचा समारंभ झाला तो मेच्या अखेरीस. नातवाने व्हिडिओ पाठवला. मी तो काका-काकींना त्यांच्या खोलीत दाखवला. पाचवा चौक पुन्हा उभा होता, ओल्या लाल भिंतींचा, आणि त्याला दोन बुटकी दारं होती. एक डाव्या हाताला, एक उजव्या. गावच्या वडीलधाऱ्यांनी तोडगा काढला होता. चेहऱ्यावर मण्यांच्या माळा सोडलेला नवा राजा डाव्या दारातून कमरेत वाकून आत आला, बाहेर गेला आणि पुन्हा उजव्या दारातून वाकून आत आला. ढोल वाजत होते. मग नातू चौकाच्या मधोमध उभा राहून त्यांच्या भाषेत काहीतरी लांबलचक म्हणू लागला. त्यातला एकही शब्द आम्हाला कळत नव्हता आणि मध्येच एक कळला. परळ.

खाली त्याने लिहिलं होतं, दारं दोन का, हे आता या चौकात सांगावं लागतं. म्हणून तुमच्या गावाचं नाव घ्यावं लागतं. माझ्यानंतर जो सांगेल त्यालाही घ्यावं लागेल.

मी ते वाचून दाखवलं.

"अगो बाई," काकी म्हणाल्या. "एवढ्या मोठ्या राजाला दोनदा वाकायला लावलंत तुम्ही."

काका हसले नाहीत. "परत लाव," म्हणाले. मी परत लावला. राजा पुन्हा डावीकडून आला, पुन्हा उजवीकडून आला. तिसऱ्यांदा त्यांनी फोन स्वतःच्या हातात घेतला आणि पडद्याला डोळे लावले.

"यातलं एक दार खोटं आहे," ते म्हणाले.

"पण कुठलं ते आता कुणालाच माहीत नाही ना, काका."

"मला माहीत होतं."

त्यांनी फोन माझ्याकडे दिला, सदऱ्याची बाही वर सरकवली आणि कोपराच्या जरा वर, हडकुळ्या दंडावर, बोट टेकवलं.

"इथे धरून त्या दारातून नेलं होतं गो म्हाताऱ्याने मला," ते म्हणाले. "इथे."